डब्याला बोल लावू नये

"भाऊ, डब्बा गेला वाटते. लाल लाइट लुकलुक करून राह्यला." टेलिफोनच्या तारेवर ज्यांच्या घरी इंटरनेट आहे किंवा होतं, त्यांची तक्रार इथूनच सुरू होते. अल्लीपुरात हे वाक्य मी किती ओसऱ्यांवर ऐकलं याची गणती नाही. त्यातले खरोखर गेलेले डबे, म्हणजे मोडेम, मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी ठिकाणी डबा ठणठणीत होता आणि दुखणं तारेत होतं, जोडात होतं, नाहीतर भिंतीवरच्या त्या पांढऱ्या पेटीत, जिच्यात पालीने संसार थाटलेला असतो.

घरचा डीएसएल मोडेम लावावा कसा, त्याची सेटिंग करावी कशी, हा प्रश्न वीस वर्षं आपल्याकडे 'कॉम्प्युटरवाल्याचा' मानला गेला. पोरगं बोलवायचं, ते काहीतरी खटखट करायचं, दोनशे रुपये आणि चहा घेऊन जायचं. त्या खटखटीत गूढ काही नव्हतं. गूढ होतं ते दारापासून एक्सचेंजपर्यंतच्या तांब्यात, आणि त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आधी भूगोल. अल्लीपूर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातलं गाव. डीएसएलचा सिग्नल तांब्याच्या जोडीवरून फार तर पाच किलोमीटर तग धरतो, तोही रडतखडत. म्हणजे याहून कितीतरी दूर असलेल्या हिंगणघाटच्या एक्सचेंजमधून तो इथवर येण्याचा प्रश्नच नाही. ज्या गावाला डीएसएल हवं, त्या गावाच्याच एक्सचेंजमध्ये डीस्लॅम नावाचं यंत्र बसावं लागतं. तिथून पुढचा प्रवास फायबरने किंवा रेडिओने होतो आणि अलीकडचा, घरापर्यंतचा, तांब्याने. त्यामुळे 'गावात ब्रॉडबँड आलं' या वाक्याला फारसा अर्थ नसतो. एक्सचेंजला लागून घर असलेल्याला ते आलेलं असतं आणि गावाबाहेर शेतात राहणाऱ्याला आलेलं नसतं. एडीएसएल-2 प्लस या डीएसएलच्या सुधारित प्रकाराचे जाहिरातीतले 24 एमबीपीएस एक किलोमीटरच्या आतल्यांसाठी. तीन किलोमीटरवर ते तंत्र आपल्या जुन्या भावासारखंच, साध्या एडीएसएलसारखं चालतं.

या तारेवर एकाच वेळी बोलणं आणि इंटरनेट कसं चालतं, हे कळलं की निम्मी दुरुस्ती आपोआप कळते. माणसाच्या बोलण्याला टेलिफोन 300 ते 3400 हर्ट्झ एवढीच जागा देतो. तांब्याची तार मात्र याहून कितीतरी वरचे सूर वाहून नेऊ शकते. एडीएसएल 26 किलोहर्ट्झपासून 1.1 मेगाहर्ट्झपर्यंतची आणि 2 प्लस 2.2 मेगाहर्ट्झपर्यंतची जागा वापरतं. ही जागा साडेचार किलोहर्ट्झहूनही अरुंद अशा शेकडो खान्यांत वाटलेली असते. मोडेम सुरू झाला की तो आणि डीस्लॅम एकेक खाना तपासतात. ज्या खान्यात खरखर कमी तिथे जास्त माल भरायचा, जिथे खरखर जास्त तो खाना रिकामा सोडायचा. डीएसएलचा दिवा सुरुवातीला लुकलुकतो तो एवढ्यासाठीच, आत मोजणी चाललेली असते. स्टॅनफर्डच्या जॉन चिऑफी यांनी ही खान्यांची पद्धत व्यवहारात आणली. येणारा वेग जास्त आणि जाणारा कमी ठेवावा ही कल्पना बेलकोरच्या जोसेफ लेक्लायडर यांची.

यात आपल्या भागापुरती एक गंमत आहे. आकाशवाणी नागपूरचं मीडियम वेव्ह केंद्र 585 किलोहर्ट्झवर. मोडेमच्या हिशेबात ते साधारण 136 व्या खान्याजवळ पडतं. खांबावरून घरापर्यंत लोंबकळणारी तार म्हणजे एक लांबलचक अँटेनाच. रेडिओचं बळ त्या तारेत जास्त शिरलं की मोडेम तो खाना मुकाट्याने सोडून देतो. मालकाला यातलं काही कळत नाही, त्याला फक्त वेग थोडा कमी दिसतो.

आता थोडा इतिहास. सामान्य माणसासाठी इंटरनेट देशात आलं 15 ऑगस्ट 1995 ला, व्हीएसएनएलच्या हातून. गावोगावी ते पोचलं डायलअपच्या रूपात: 172233 लावायचा, मोडेमचं किंचाळणं ऐकायचं, आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. ऑक्टोबर 2004 मध्ये केंद्राचं ब्रॉडबँड धोरण आलं आणि त्यात ब्रॉडबँडची व्याख्या ठरली 256 केबीपीएस. आज हसू येईल, पण डायलअपवरून आलेल्याला ती चैन होती. जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलने डेटावन सुरू केलं आणि टेलिफोनच्या शेजारी तो डबा येऊन बसला. यूटीस्टारकॉम, हुआवेचा स्मार्टॅक्स, पुढे टेराकॉम, बीटेल, डी-लिंक, अशी त्याची नावं बदलत गेली. आतली पानं थोड्याफार फरकाने सारखीच.

त्या काळातल्या योजनांची एक खूण विसरता येत नाही: रात्री 2 ते सकाळी 8 अमर्याद. दिवसा एक जीबी संपला की जास्तीच्या एमबीला वेगळा पैसा, म्हणून पोरं पहाटे दोनचा गजर लावायची. 256 च्या लाइनवर सातशे एमबीची फाइल उतरायला सव्वासहा तास लागतात, म्हणजे एक सिनेमा आणि एक रात्र यांचं माप जवळजवळ जुळलेलं होतं, थोडी शेपटी दुसऱ्या रात्रीवर जायची. ते दिवस लोडशेडिंगचेही होते. शेतीच्या फीडरला वीज रात्रीची मिळायची. बाप ओलिताला मोटर लावायला शेतात जागा आणि पोरगा डाउनलोड लावून घरात जागा, हे चित्र या पट्ट्यात खरंच होतं.

लोडशेडिंगने आणखी एक गोष्ट शिकवली. वीज गेली तरी टेलिफोन चालायचा, कारण त्याला लागणारी 48 व्होल्टची वीज तारेतूनच एक्सचेंजच्या बॅटऱ्यांकडून येते. मोडेम मात्र घरच्या विजेवर. त्यामुळे फोन जिवंत आणि नेट मेलेलं, हे कोडं लोकांना पडायचं, आणि दोष पुन्हा डब्याला.

जानेवारी 2009 मध्ये सार्वत्रिक सेवा निधीतून बीएसएनएलशी करार झाला. गावातल्या एक्सचेंजांवरून पाच वर्षांत आठ लाखांहून अधिक ग्रामीण ब्रॉडबँड जोडण्या सवलतीत द्यायच्या, वेग किमान 512 केबीपीएस. कागदावर ही योजना उत्तम होती आणि बऱ्याच गावांत डीस्लॅम पोचला तो अशाच पैशांतून. पण डीस्लॅमच्या पुढची तार तीच राहिली, जी फक्त बोलण्यासाठी टाकलेली होती. बोलणं फार क्षमाशील असतं. जोडात पाणी शिरलं तर बोलण्यात थोडी खरखर येते, माणूस जरा मोठ्याने बोलतो, काम भागतं. इंटरनेटला ही सोय नाही.

आता प्रत्यक्ष लावणी. भिंतीवरच्या पेटीतून निघालेली तार स्प्लिटरला जाते. स्प्लिटर म्हणजे काडेपेटीएवढी डबी, तिला तीन तोंडं: एकावर लाइन, दुसऱ्यावर फोन, तिसऱ्यावर मोडेम. लाइनच्या तोंडात भिंतीची तार, फोनमध्ये टेलिफोन, मोडेममध्ये मोडेम. उलट लावलं तर काय होतं ते मला चांगलं माहीत आहे, कारण पहिल्यांदा मी तेच केलं होतं. फोन चालत होता, नेट येत नव्हतं, आणि मी तीन दिवस घरभर सगळ्यांना सांगत होतो की वरूनच प्रॉब्लेम आहे. चौथ्या दिवशी लाइनमन आले, पाहिलं, दोन पिना अदलाबदल केल्या आणि काही न बोलता पाणी मागितलं. त्यांचं ते न बोलणं मला अजून लागतं.

दुसरी चूक याहून साधी आणि याहून जास्त घरांत असते. आतल्या खोलीत दुसरा फोन असतो आणि त्याची तार स्प्लिटरच्या आधीच फोडून नेलेली असते. फिल्टर नसलेला तो फोन वरच्या सुरांत लुडबुड करतो. मग फोन वाजला की नेट तुटतं. हे लक्षण ज्याच्या घरी दिसेल त्याने मोडेमला हातच लावू नये, दुसरा फोन काढून ठेवावा.

डीएसएलचा दिवा स्थिर हिरवा झाला की तारेचं काम झालं. तोपर्यंत ब्राउझर उघडण्यात अर्थ नाही. पुढे संगणकाला लॅनची तार लावून 192.168.1.1 उघडायचं, नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे बहुतेक ठिकाणी एडमिन. आत भरायचं ते मोजकंच. व्हीपीआय आणि व्हीसीआय ही दोन आकड्यांची जोडी, बीएसएनएलसाठी 0 आणि 35, एअरटेलसाठी 1 आणि 32. हे दोन आकडे म्हणजे डीस्लॅमकडे जाणाऱ्या वाटेचा पत्ता. ते चुकले तर दिवा हिरवा राहतो, पण दुसऱ्या टोकाला ऐकणारं कुणी नसतं. मग पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्डाने लॉगिन करण्याची पद्धत, निवडायचं, एलएलसी ठेवायचं, कंपनीने दिलेलं युजरनेम पूर्ण, म्हणजे ॲटच्या पुढच्या शेपटीसकट टाकायचं आणि पासवर्ड. ती शेपटी गाळणारे फार. एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचं कमाल माप, 1492, कारण 1500 बाइटच्या पाकिटातले आठ बाइट पीपीपीओई स्वतःच्या लेबलासाठी खातो. हा आकडा 1500 ठेवला तर काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, आणि लोक म्हणतात, सरकारी साइट हाय बा, अशीच असते. शेवटी सेव्ह आणि रीबूट. सेव्ह न करता वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि आपल्याकडे वीज नेमकी तेव्हाच जाते.

ब्रिज की राउटर, हा वाद त्या काळात बराच रंगायचा. ब्रिजमध्ये मोडेम फक्त तार ओढतो आणि लॉगिन संगणक करतो. राउटरमध्ये लॉगिन डबाच करतो. मोजक्या डेटाच्या काळात ब्रिज शहाणपणाचा होता: संगणकावर डिस्कनेक्ट दाबलं की मीटर थांबायचं. डबा राउटर म्हणून रात्रंदिवस चालू ठेवून महिन्याचं बिल पाहून हबकलेले लोक पाहिले आहेत. घरात दोन-चार मोबाइल आले तेव्हा हा वाद आपोआप मिटला, राउटरशिवाय चालणारच नव्हतं.

वायफायबद्दल एवढंच: सुरक्षेला डब्ल्यूपीए-2, डब्ल्यूईपी नाही. आणि डबा गोदरेजच्या कपाटावर, आरशामागे किंवा टिनाच्या पत्र्याला टेकवून ठेवू नये. आपल्या भागातल्या घरांत टिन आणि लोखंडी कपाट दोन्ही मुबलक.

आता या लेखातला माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा भाग. मोडेमच्या आत 'स्टॅटिस्टिक्स' किंवा 'डीएसएल स्टेटस' नावाचं पान असतं. शंभरातले नव्वद लोक ते उघडत नाहीत आणि खरी कुंडली तिथेच असते. त्यात दोन आकडे पाहायचे, दोन्ही डेसिबलमध्ये. ॲटेन्युएशन म्हणजे वाटेत सिग्नल किती झिजला. हा जितका कमी तितकं बरं: 30 च्या आत असेल तर लाइन छान, 50 च्या वर गेला की ओढाताण, 60 च्या पुढे आशा सोडावी. दुसरा एसएनआर मार्जिन, म्हणजे खरखरीच्या वर सिग्नल किती मोकळा श्वास घेतो. हा जितका जास्त तितकं बरं: 10 च्या वर असला की निवांत, 6 च्या खाली गेला की लाइन तुटत राहणार. उन्हाळ्यात मार्जिन 14 आणि जुलैत 5 असेल, तर डबा बदलून काही होणार नाही. कुठेतरी जोडात पाणी आहे. हे दोन आकडे कागदावर लिहून लाइनमनला दिले की बोलण्याचा सूरच बदलतो. 'नेट चालत नाही' ही तक्रार ते रोज ऐकतात. 'मार्जिन पाचवर आलंय, डीपीच्या जोडात पाहा' ही क्वचित. डीपी म्हणजे खांबावरची ती पेटी, जिथून घरोघरच्या तारा फुटतात.

जोडाबद्दल बोलतोच आहे तर: आमच्या घरी दोन पावसाळे नेट यायचं-जायचं. मोडेम दोन बदलले, स्प्लिटर एक. शेवटी लाइनमनने खांबावरची डीपीची पेटी उघडली. आत मुंग्यांचं वारूळ आणि हिरवं पडलेलं तांबं. त्यांनी तारेची टोकं अर्धा इंच कापली, चाकूने खरवडून पुन्हा चमकवली, जोडली, वर जेली भरलेलं कनेक्टर दाबलं. पाच मिनिटांचं काम. मार्जिन 4 वरून 13 वर गेलं. बदललेले दोन्ही मोडेम आजही कपाटात आहेत आणि दोन्ही चालतात.

विजेचं मात्र वेगळं. मे-जूनमध्ये वादळी पाऊस येतो तेव्हा खांबावरची तार आकाशातली वीज घरात आणते. इथे डबा खरोखर मरतो, आणि कधी कधी संगणकाचं लॅन कार्डही सोबत नेतो. ढग गडगडले की भिंतीतून टेलिफोनची पिन आणि पॉवरची पिन, दोन्ही काढायच्या. नुसती पॉवरची काढून उपयोग नाही, हे लोकांना डबा जळल्यावर कळतं.

2017 च्या जुलैअखेरीस एक वेगळंच वादळ आलं. ब्रिकरबॉट नावाच्या घातक प्रोग्रामने देशभरातले हजारो बीएसएनएल मोडेम निकामी केले. बातम्यांतला आकडा सुमारे 60 हजारांचा होता. आत शिरायला त्याला चावी लागलीच नाही: एडमिन-एडमिन हा कारखान्यातला पासवर्ड बहुतेकांनी बदललेलाच नव्हता आणि दुरून देखभाल करण्याचं दारही उघडं होतं. कंपनीने मग ग्राहकांना पासवर्ड बदला म्हणून सांगितलं. मोडेम लावताना दोन मिनिटांत होणारं हे काम होतं, पण ते दोनशे रुपयांच्या खटखटीत कधीच नसायचं.

अशा आढाव्यांत एक गोष्ट सहसा येत नाही, ती म्हणजे एडीएसएल या नावातलं पहिलं अक्षर. 'ए' म्हणजे असमान. घरी येणाऱ्या डेटाला मोठी जागा, घरून जाणाऱ्याला 138 किलोहर्ट्झच्या खालची चिंचोळी पट्टी. 1980 च्या दशकात अमेरिकेत हे सुचलं तेव्हा डोळ्यांसमोर होता तो घरबसल्या सिनेमा पाहणारा माणूस. आपल्या गावांत चित्र निराळं झालं. संग्राम केंद्र आलं, पुढे आपले सरकार सेवा केंद्र आलं, पीक विम्याचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, स्कॅन केलेले सातबारे. गावाला वर पाठवायचं होतं जास्त आणि खाली घ्यायचं होतं कमी. शेवटच्या तारखेला केंद्रावर रांग लागायची ती याच चिंचोळ्या पट्टीत अडकलेली असायची. सर्व्हर डाउन आहे म्हणत सगळे घरी जायचे. काही वेळा तो असायचाही.

वर्धा जिल्ह्याला तारेचा मान नवा नाही. सेवाग्राम आश्रमात गांधीजींशी संपर्कासाठी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात बसवलेला टेलिफोन आजही पाहायला मिळतो. खेड्यापर्यंत तार ओढायची तर मनात आणावं लागतं, एवढं त्यावरून कळतं. तार ओढल्यावर तिची निगा राखायला माणसं लागतात, आणि तिथे गणित फसलं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, घरोघरचे लँडलाइन परत जाऊ लागले. 31 जानेवारी 2020 ला बीएसएनएलच्या 78,569 कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. डीपीची पेटी उघडून तांबं खरवडणारे हात त्यांतच होते. कोणती जोडी कोणत्या खांबावरून कुणाच्या घरात गेली आहे, याचा नकाशा बहुधा त्यांच्या डोक्यातच होता.

जगही तांबं सोडण्याच्याच दिशेला आहे. ब्रिटनने जुनं टेलिफोन जाळं बंद करण्यासाठी जानेवारी 2027 ही मुदत धरली आहे, फ्रान्स 2030 पर्यंत तांबं उतरवणार आहे. आपल्याकडे 2011 मध्ये मंजूर झालेलं आणि 2015 पासून भारतनेट म्हणून ओळखलं जाणारं फायबरचं जाळं ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचं काम चाललं आहे. 2023 पासून ब्रॉडबँडची किमान व्याख्याच 2 एमबीपीएस झाली आहे. एक्सचेंजपासून लांब असलेल्या, जुन्या जोडांच्या तारेला तेवढंही जड जातं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दारापर्यंत फायबर येत असेल तर डीएसएलच्या मागे लागू नये. फायबरला पाणी लागत नाही, वीज त्यातून येत नाही. जेसीबी आणि वानर हे दोन शत्रू उरतात, पण ते तांब्यालाही होतेच. आणि डीएसएलवर शिकलेलं वाया जात नाही. पीपीपीओई तेच, युजरनेमची शेपटी तीच, 1492 तेच. व्हीपीआय-व्हीसीआयच्या जागी व्हीलॅनचा एक आकडा येतो आणि मार्जिनच्या जागी प्रकाशाची ताकद. ती उणे 20 च्या आसपास असली तर चांगली, उणे 27 च्या पलीकडे गेली की लाल दिवा. तेव्हाही डब्याला बोल लावण्याआधी पिन पाहा, वाकलेली तार पाहा.

फायबर अजून आलंच नसेल आणि मोबाइलचा टॉवर घरात नीट पकडत नसेल, तर तांबं अजूनही चालतं. फक्त डीपीपासून घरापर्यंतची तार अखंड, एकही जोड नसलेली टाकून घ्या. मोडेम बदलण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

आणि कपाटात पडलेला जुना वायफाय मोडेम लगेच फेकू नका. त्यातलं पत्ते वाटणारं डीएचसीपी बंद केलं, पत्ता 192.168.1.2 दिला आणि लॅनमधून लॅनला तार जोडली की तो मागच्या खोलीत वायफाय पुरवतो. भंगारवाल्याला द्यायचाच असेल तर आधी वीज लावा आणि मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबून धरा. तुमचं युजरनेम आणि पासवर्ड अजून त्याच्या पोटात आहेत.